नर्सताई पीएचडी करते म्हणजे नक्की काय करते?

भात झोडून झालंय, वालाची पेरणी चालू आहे, आणि हातातलं काम न सोडता तुम्ही रेडिओ लावलाय हे आम्हाला माहीत आहे. चालू द्या. आमचं बोलणं कामाच्या आड येणार नाही.

आज एका प्रश्नावर बोलायचं आहे. तो आमच्या एका गटाच्या मासिक बैठकीत निघाला आणि त्याचं उत्तर आम्हालाच नीट देता आलं नाही. खालापूर तालुक्यातला जुना गट, बाराजणींचा. त्यातल्या एका आक्कांची सून मोठ्या रुग्णालयात बाळंतपणाच्या वॉर्डात नर्स आहे आणि गटाची सभासदही आहे. तिने अंतर्गत कर्जासाठी अर्ज दिला, 40,000 रुपयांचा. कारणाच्या रकान्यात आपल्याकडे शेळी, शिलाई मशीन, लग्न, आजारपण, घराचे पत्रे असं काहीबाही असतं. तिने लिहिलं होतं, ‘पीएचडी’.

अध्यक्षताईंनी तो कागद दोनदा वाचला. मग एकजण म्हणाली, “अगं, पगार चालू आहे, दोन पोरं शाळेत आहेत. आता गं आणखी काय शिकायचंय तुला?” दुसरीने विचारलं, “म्हणजे तू आता डॉक्टरीण होणार? गोळ्या लिहून देणार?” आणि आम्ही समन्वयक, बी.ए. झालेल्या, वही उघडून बसलेल्या. आम्हीही म्हणालो, “ताई, हे उत्पादक कर्ज होत नाही. पुढच्या बैठकीत बघू.” हे आम्ही चुकलो. कसं चुकलो ते सांगण्यासाठीच आजचं बोलणं आहे.

आधी साधी गोष्ट. ‘डॉक्टर’ हा शब्द दोन ठिकाणी वापरतात. एक तपासून औषध लिहून देणारा डॉक्टर. दुसरा, एखाद्या विषयात स्वतः शोध घेऊन नवीन काही सिद्ध करून दाखवणारा. विद्यापीठ त्याला डॉक्टरेट देतं. मराठीची पीएचडी केलेल्या प्राध्यापक बाईही डॉक्टरच असतात, पण त्यांच्याकडे आपण ताप दाखवायला जात नाही. नर्सने पीएचडी केली तर ती नर्सच राहते. गोळ्या लिहून द्यायचा परवाना त्यातून मिळत नाही. मिळतो तो प्रश्न विचारायचा आणि उत्तर पुराव्यानिशी मांडायचा अधिकार. त्या बैठकीत हे सांगायला हवं होतं, पण तेव्हा आम्हालाच ते ठाऊक नव्हतं.

तिथवर पोचायची शिडीही बघा, कारण तुमच्यातल्या पुष्कळजणींच्या मुली बारावीला आहेत. बारावीनंतर एएनएम हा 2 वर्षांचा अभ्यासक्रम असतो. उपकेंद्रात लसीकरणाला येतात त्या बऱ्याचशा सिस्टर यातून आलेल्या. जीएनएम 3 वर्षांचं. बी.एस्सी. नर्सिंग 4 वर्षांचं, त्याला बारावीला भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र लागतं. जीएनएम करून नोकरीला लागलेली मुलगी पुढे 2 वर्षांचं पोस्ट बेसिक बी.एस्सी. करू शकते. म्हणजे दार बंद होत नाही, हे लक्षात ठेवा. त्यानंतर एम.एस्सी. नर्सिंग, 2 वर्षं. पीएचडी त्याच्याही वर. आक्कांची सून याच वाटेने आली. जीएनएम झालं, लग्न झालं, नोकरी लागली, एक मूल झालं, मग पोस्ट बेसिक, मग दुसरं मूल, मग एम.एस्सी. पहिल्या पायरीपासून तिथवर यायला तिला सोळा वर्षं लागली. तिच्या वर्गातली सगळ्यात लहान मुलगी तिला ‘मावशी’ म्हणायची.

बरं, पण नोकरी करत करत पीएचडी होते का? होते. आपल्या देशात विद्यापीठांवर देखरेख ठेवणारा विद्यापीठ अनुदान आयोग आहे, त्याला सगळे यूजीसी म्हणतात. त्याने नोव्हेंबर 2022 मध्ये पीएचडीचे नवे नियम काढले. त्यात अर्धवेळ पीएचडीला स्पष्ट परवानगी आहे. मात्र जिथे नोकरी आहे तिथलं ना हरकत प्रमाणपत्र लागतं. ते नुसतं ‘आमची हरकत नाही’ एवढंच लिहून चालत नाही. या कर्मचाऱ्याला कामातून अभ्यासाला पुरेसा वेळ मिळेल, आणि गरज पडली तर वर्गांसाठी कामातून मोकळीक देऊ, असं त्यात लिहिलेलं असावं लागतं. ही ओळ आम्हाला फार मोलाची वाटते. कारण बाईने शिकायचं तर ते सगळं झोपेतून वेळ काढूनच, असं आपण धरून चालतो. इथे नियमच म्हणतो की वेळ कामाच्या ठिकाणाने द्यायचा आहे.

नियम तोंडी देईल, पण वेळ देईलच असं नाही. आमच्या नर्सताईला त्या कागदासाठी सात महिने हेलपाटे घालावे लागले. साहेब रजेवर, मग साहेब बदलले, मग फाईल सापडेना. कुठलं रुग्णालय ते सांगायचं नाही असं तिने बजावलंय, आणि त्याची गरजही नाही. तिचं म्हणणं एवढंच, की कुणी या वाटेने जाणार असेल तर पहिल्या दिवशी अर्ज द्यावा आणि आवक क्रमांक घेऊन यावा. तोंडी ‘हो’ घेऊन घरी येऊ नये. कर्जाच्या फाईलीसाठी बँकेत जाताना आम्ही तुम्हाला हेच सांगतो, नाही का?

मुदतीचं असं आहे. कमीत कमी 3 वर्षं, जास्तीत जास्त 6. नाही जमलं तर पुन्हा नोंदणी करून आणखी 2 वर्षं मिळू शकतात. बायकांना त्यावर आणखी 2 वर्षांची सवलत आहे. शिवाय बाळंतपण किंवा मुलाच्या संगोपनासाठी पूर्ण मुदतीत एकदा 240 दिवसांपर्यंत रजा मिळते. नियम करणाऱ्यांनी घरची परिस्थिती थोडीतरी ओळखली म्हणायची. सुरुवातीला विद्यापीठाची प्रवेश परीक्षा आणि मुलाखत असते. मग संशोधन कसं करायचं, आकडे कसे मांडायचे, लोकांचा मान राखून माहिती कशी घ्यायची याचा अभ्यासक्रम असतो. या काळात वर्गाला जावंच लागतं. घरी बसून, पोस्टाने, दूरस्थ पद्धतीने पीएचडी होत नाही. कुणी तसं सांगत असेल तर तो फसवतोय. ‘पंचवीस हजार भरा, मानद डॉक्टरेट घ्या, शाल-श्रीफळासह’ अशी पत्रकं फिरतात. ती घेऊन भिंतीवर फोटो लागतो, त्याच्यावर नोकरीत बढती लागत नाही. यूजीसी बनावट विद्यापीठांची यादीही काढतं, ती पाहून घ्यावी.

आरोग्याच्या शिक्षणासाठी आपल्या राज्यात नाशिकला महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे, 1998 साली सुरू झालेलं. मुंबईत चर्चगेटला एसएनडीटी महिला विद्यापीठाचं नर्सिंग महाविद्यालय आहे. महर्षी कर्व्यांनी 1916 साली सुरू केलेलं बायकांचं विद्यापीठ ते हेच. कर्जतहून विचार केला तर लोकलने सीएसटीपर्यंत दोन-सव्वादोन तास, तिथून पुढे बस. खोपोलीकडची असाल तर आधी खोपोली-कर्जत गाडी पकडा, आणि ती चुकली की पुढची कधी ते तुम्हाला माहीत आहेच.

खरी अडचण मार्गदर्शकाची असते. पीएचडीला एक गाईड लागतो, आणि एका गाईडकडे किती विद्यार्थी असावेत याला मर्यादा आहे. प्राध्यापक असेल तर 8, सहयोगी प्राध्यापक असेल तर 6, सहायक प्राध्यापक असेल तर 4. नर्सिंगमध्ये पीएचडी झालेल्या मुळातच कमी, मग गाईड कमी, मग जागा कमी. विहीर खोल आणि दोर आखूड, तशातली गत. यातूनच आमच्या लक्षात आलं की आज एक नर्स पीएचडी झाली, तर उद्या तिच्या हाताखाली चौघी उभ्या राहतात. गटाच्या भाषेत बोलायचं तर हे फिरतं भांडवल आहे.

आता मुख्य गोष्ट. ती करणार काय? वॉर्डातली नर्स रोज करते त्यात शोध घेण्यासारखं काय असतं?

तिचा प्रश्न कुठून आला ते ऐका. तीन वर्षांपूर्वी तिच्या वॉर्डातून वाडीवरची एक मुलगी बाळंत होऊन घरी गेली. सिझर झालं होतं. घरी जाताना डिस्चार्ज कार्ड दिलं, सगळं इंग्रजीत. औषधांपुढे लिहिलेलं ‘1-0-1’. तुम्ही-आम्ही जाणतो, सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. पण तिच्या नवऱ्याने वेगळं वाचलं. आज एक, उद्या नाही, परवा एक. आणि खरं सांगा, त्या आकड्यांत सकाळ-संध्याकाळ कुठे लिहिलेली आहे? त्याचं काय चुकलं? त्या मुलीने जंतू मारायच्या गोळ्या एक दिवसाआड घेतल्या. आठव्या दिवशी टाके पिकले, ताप भरला, आणि तिला जीपमधून परत आणलं. वाचली ती. पण त्या रात्री नर्सताई ड्युटीवर होती, आणि त्या मुलीची सासू तिला म्हणाली, “बाय, तुम्ही सांगितलं तसंच केलं आम्ही.”

ते वाक्य तिच्या डोक्यातून जाईना. कारण कार्ड देताना समजावून सांगणारी तीच होती. गर्दीच्या वेळी, दोन मिनिटांत, “समजलं ना?” असं विचारून. आणि “समजलं ना?” म्हटल्यावर आपण काय करतो? मान हलवतो. बँकेत हलवतो, तहसीलला हलवतो, दवाखान्यात तर हलवतोच.

मग तिच्या मनात आलं की मराठीत, चित्रं काढून कागद दिला तर? सकाळच्या गोळीपुढे सूर्य, रात्रीच्या गोळीपुढे चंद्र. आणि “समजलं ना?” न विचारता “आता तू मला सांगून दाखव” असं म्हटलं तर? बाई सांगताना चुकली तर तिथेच कळेल. याने घरी गेल्यावर फरक पडतो का?

तुम्ही म्हणाल, यात शोधायचं काय, फरक पडणारच. आम्हीही तसंच म्हणालो. तेव्हा ती हसली आणि म्हणाली, “ताई, ‘पडणारच’ म्हणून साहेब कार्ड बदलत नाहीत. किती पडतो ते दाखवावं लागतं.” संशोधन म्हणतात ते हेच. आपल्याला वाटतं ते खरं आहे का, हे तपासायचं. आणि खोटं निघालं तर तेही लिहायचं.

तपासायचं कसं, तेही तिने आम्हाला अंगणात बसून समजावलं. घरी जाणाऱ्या बायकांचे दोन भाग करायचे. एका भागाला आत्ता मिळतं तसंच कार्ड आणि समजावणं. दुसऱ्या भागाला त्याशिवाय चित्रांचा कागद आणि ‘सांगून दाखव’. कोण कुठल्या भागात ते तिने ठरवायचं नाही, बंद पाकिटातली चिठ्ठी ठरवते. का? तर तिने ठरवलं की नकळत ती चुणचुणीत बाईला चित्रांचा कागद देईल, आणि मग फरक कागदामुळे पडला की बाईच्या हुशारीमुळे, हे कळणार कसं? भिशीत आपण चिठ्ठ्या टाकतो ना, तेच कारण. सातव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी दुसरीच कुणीतरी फोन करून किंवा घरी जाऊन विचारणार. गोळ्या कशा घेतल्या, कुठला त्रास झाला तर दवाखान्यात यायचं असतं, अंगावर जास्त जाणं म्हणजे किती. विचारणाऱ्याला माहीत नसणार की ही बाई कुठल्या भागातली, म्हणजे ती कुणाच्या बाजूने झुकणार नाही. आणि सगळं झाल्यावर पहिल्या भागातल्या बायकांनाही चित्रांचा कागद मिळणार, कुणी वंचित राहणार नाही.

किती बायका घ्यायच्या हेही गणिताने ठरतं. प्रश्नावली आधी इंग्रजीत, मग मराठीत, मग दुसऱ्या कुणाकडून पुन्हा इंग्रजीत करून ताडून बघायची, अर्थ बदलला नाही ना म्हणून. इथे आमच्या गटाचा हात लागला. तिच्या पहिल्या मसुद्यात ‘योनिमार्गातून रक्तस्राव’ असं लिहिलं होतं. आमच्यातली एक वयस्कर सभासद म्हणाली, “असलं विचारशील तर वाडीवरची पोरगी उठून जाईल. ‘अंगावरून जातंय का’ असं विचार.” तो शब्द बदलला. पीएचडीच्या कागदात आमच्या म्हातारीचा शब्द गेला, याचा तिला काय आनंद!

हे असं कामातून उठलेल्या प्रश्नाचं शिक्षण परदेशात वेगळ्या नावाने चालतं. अमेरिकेत नर्सिंगच्या प्रत्यक्ष कामासाठी वेगळी डॉक्टरेट आहे, इंग्लंडमध्ये नोकरी सांभाळून अर्धवेळ करायच्या व्यावसायिक डॉक्टरेट आहेत. आपल्याकडे नर्ससाठी मुख्य वाट पीएचडीचीच. पण प्रश्न कामातून यावा ही गोष्ट आपल्या मातीला नवी नाही.

आपल्याच रायगडातलं बघा. महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात 1976 च्या सुमाराला हिंमतराव बावस्कर नावाचे तरुण डॉक्टर रुजू झाले. कोकणात लाल विंचू किती, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. भाताचा पेंढा उचलताना, गोवऱ्या काढताना तो हाताला लागतोच. त्या काळी लाल विंचू चावून अत्यवस्थ झालेल्या रुग्णांत शंभरातले चाळीसच्या आसपास दगावायचे. बावस्करांनी रुग्णाशेजारी बसून टिपणं काढली. घाम किती, नाडी कशी, हात-पाय गार कधी पडतात, छातीत पाणी कधी भरतं. पुढे ते एम.डी. करायला पुण्याला गेले आणि शिकून पुन्हा याच भागात आले. रक्तदाबावरची प्राझोसिन नावाची गोळी वेळेत दिली तर रुग्ण वाचतो, हे त्यांनी दाखवलं. इंग्लंडच्या ‘लॅन्सेट’ या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात 1980 च्या दशकात त्यांचं लिखाण छापून आलं. मृत्यूचं प्रमाण शंभरात एकाच्या घरात आलं. त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर या कामात बरोबरीने होत्या. 2022 साली पद्मश्री जाहीर झाली. ही पीएचडी नव्हती, पण आमच्या नर्सताईच्या टेबलावर त्यांच्या लेखाची प्रत आहे. ती म्हणते, “बिरवाडीच्या केंद्रात बसून जगाला सांगता येतं, तर माझ्या वॉर्डातून का नाही?”

दुसरं उदाहरण गडचिरोलीचं. डॉ. राणी बंग यांनी तिथल्या दोन गावांतल्या 650 बायकांची तपासणी केली आणि 1989 साली ते प्रसिद्ध केलं. शंभरातल्या 92 बायकांना अंगावरचा काही ना काही आजार होता, आणि त्याआधी कधी तपासणी झालेल्या शंभरात जेमतेम 8 होत्या. तोपर्यंत गावातल्या बाईचं आरोग्य म्हणजे गर्भारपण आणि ऑपरेशन एवढंच धरलं जायचं. बायका सोसत होत्या हे प्रत्येक बाईला माहीत होतं, पण मोजलं नव्हतं म्हणून ते कुठल्याच कागदावर नव्हतं. पुढे 1999 मध्ये डॉ. अभय आणि राणी बंग यांनी आणखी एक अभ्यास प्रसिद्ध केला. 39 गावांत गावातल्याच बायकांना शिकवून घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घ्यायला लावली, आणि तिथले नवजात मृत्यू 62 टक्क्यांनी कमी झाले. आज आपल्याकडे आशाताई बाळंतिणीच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी वजनकाटा घेऊन येते ना? तिच्या त्या पिशवीची मुळं त्या अभ्यासात आहेत.

आणि आनंदीबाई जोशी तर कल्याणच्या, आपल्याच लोकलच्या वाटेवरच्या. चौदाव्या वर्षी बाळ झालं आणि दहा दिवसांत गेलं. त्या दुःखातून शिकायचं ठरलं. 1886 साली अमेरिकेत डॉक्टर होताना त्यांनी प्रबंध लिहिला तो हिंदू समाजातल्या प्रसूतिशास्त्रावर. स्वतःवर आलेला प्रसंगच त्यांनी विषय केला.

आता थोडं आपल्या बाजूचं. उद्या कुणी संशोधन करणारी सिस्टर, डॉक्टर किंवा कॉलेजची मुलगी तुमच्या वाडीत प्रश्नावली घेऊन आली, तर तुम्हाला काही गोष्टी माहीत असायलाच हव्यात. कर्जत-खालापूरच्या ठाकूर आणि कातकरी वाड्यांवर असे अभ्यास करणारे पुष्कळ येतात. रक्त काढून नेतात, फोटो काढून नेतात, आणि परत कुणी फिरकत नाही, ही तक्रार आम्ही बैठकांत बऱ्याचदा ऐकली आहे.

माणसांवर करायच्या अशा आरोग्याच्या अभ्यासाला आधी नैतिकता समितीची परवानगी लागते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने, म्हणजे आयसीएमआरने, याची मार्गदर्शक तत्त्वं 2017 साली दिली आहेत. त्या समितीत फक्त डॉक्टर नसतात, एक कायदा जाणणारा आणि एक सर्वसामान्य माणूसही असावा लागतो. तुम्ही विचारा, “परवानगी आहे का? दाखवा.” यात उद्धटपणा काही नाही. अभ्यास कशासाठी, किती वेळ लागेल, त्रास काय होऊ शकतो हे तुमच्या भाषेत सांगितलं पाहिजे, आणि तो माहितीचा कागद तुमच्याकडे राहिला पाहिजे. वाचता येत नसेल तर वाचून दाखवताना त्यांच्या बाजूचा नसलेला साक्षीदार हवा, त्याच्यासमोर अंगठा. नको वाटलं तर नाही म्हणा. आधी हो म्हणून मध्येच सोडलं तरी चालतं, आणि त्यामुळे तुमचे उपचार थांबता कामा नयेत. रोज बुडत असेल, प्रवास होत असेल तर त्याची भरपाई मागता येते. तुमचं नाव छापायचं नसतं. नवऱ्याने किंवा सरपंचाने हो म्हटलं म्हणजे तुम्ही हो म्हटलं असं होत नाही.

नर्सताई स्वतः या नियमाला किती धरून आहे ते सांगतो. आम्ही उत्साहाने गटातल्या बायकांची जुनी डिस्चार्ज कार्डं गोळा केली, एकोणीस निघाली. तिने हात लावला नाही. म्हणाली, “माझी परवानगी यासाठी नाही. ही ज्यांची त्यांना परत द्या.” आम्ही जरा हिरमुसलो, पण बरोबर तिचंच होतं. आपलं दुखणं आपल्या संमतीशिवाय कुणाच्या फाईलीत जाऊ नये.

घरचं काय, हे तुम्ही विचारणार. नवरा खोपोलीच्या एका कारखान्यात पाळीत काम करतो. दोघांच्या पाळ्या जुळल्या की भेट. तिची रात्रपाळी आठवड्यातून दोनदा. वर्ग होते तेव्हा शनिवारची लोकल. लेडीज डब्यात शेजारच्या बायका मटार सोलायच्या, ही वाचायची. उतरताना कुणीतरी हिच्या पिशवीत मूठभर सोललेले दाणे टाकायचं. मधल्या वर्षी मुलगा नापास झाला एका विषयात, तेव्हा आक्का बोलल्या, “सोड ते.” तिने सहा महिने सोडलंही. अशी सोडलेली मुदत मोजली जाते, परत मिळत नाही, म्हणून आम्ही सांगतो की बायकांना दिलेली जास्तीची वर्षं ही मेहेरबानी समजू नका, ती लागतातच. मग एक दिवस आक्कांचीच नणंद आजारी पडली, कार्ड घेऊन घरी आली, आणि कार्ड कुणालाच वाचता येईना. त्या रात्री आक्कांनी सुनेला विचारलं, “तुझं ते चित्रांचं कुठवर आलं?” आता सकाळचा डबा आक्का करतात. मुलाचा अभ्यास कोण घेणार हा प्रश्न मात्र अजून सुटलेला नाही, आणि तो सुटला असं सांगून आम्ही तुम्हाला गोड बोलणार नाही.

खर्चाचंही सांगतो. फी असते, दर वर्षीची. त्याशिवाय येणं-जाणं, छपाई, आकडेवारी मांडून देणाऱ्याचे पैसे, आणि बिनपगारी रजा. हा शेवटचा खर्च कुणी मोजत नाही आणि सगळ्यात मोठा तोच निघतो. तिने ते 40,000 त्यासाठीच मागितले होते. पुढच्या बैठकीत आम्ही तो अर्ज पुन्हा घेतला आणि आधीचं ‘उत्पादक नाही’ हे आमचं बोलणं मागे घेतलं. सगळ्या तयार नव्हत्या. एकीने रोखठोक विचारलं, “पगारवालीला कर्ज आणि माझ्या शेळीला थांबा, असं का?” प्रश्न चुकीचा नव्हता. शेवटी ठरलं की शेळीचं कर्ज आधी, पीएचडीचं अर्धं लगेच आणि अर्धं दोन महिन्यांनी. व्याज सगळ्यांना तेच, महिना शेकडा 1 रुपया. तिचे अकरा हप्ते वेळेवर आलेत. शेळीचा एक चुकला, पण शेळीला दोन करडं झालीत.

तिचं पुढचं काम अजून बरंच आहे. माहिती गोळा करायची, मांडायची, प्रबंध लिहायचा, दुसऱ्याचं उचललेलं नाही ना याची तपासणी व्हायची. मग बाहेरचे दोन परीक्षक वाचणार आणि तोंडी परीक्षा सगळ्यांसमोर होणार. ती परीक्षा उघडी असते, ऐकायला जाता येतं. आक्कांनी आत्तापासूनच विचारून ठेवलंय की कुठली साडी नेसायची.

येत्या गुरुवारी दुपारी तीनला ती गटाच्या बैठकीत चित्रांचा कागद घेऊन येणार आहे. सूर्य आणि चंद्र ठीक आहेत, पण ‘ताप आला तर लगेच या’ यासाठी काढलेलं चित्र कुणाला चुलीसारखं दिसतं, कुणाला दिव्यासारखं. ज्यांना वाचता येत नाही अशा बायकांनीच ते पाहून सांगायचं आहे. लिहिता-वाचता येणाऱ्यांनी त्या दिवशी गप्प बसायचं, आमच्यासकट. येताना घरातल्या म्हाताऱ्यांना घेऊन या.